टिटवीचा पहारा

सागाच्या एका दाट जंगलात तळ्याकाठी एक म्हातारं कासव राहत असे. त्याला एकच हौस होती : आजूबाजूची पिल्लं मोठी झाली की त्यांना कुठे ना कुठे कामाला लावून द्यायचं. कोणाच्या अंगात काय गुण आहे हे ते बसल्या जागेवरून ओळखी. बसल्या जागेवरून म्हणजे अक्षरशः, कारण तळं सोडून ते फारसं कुठे जात नसे. पिल्लं त्याला आजोबा म्हणत आणि त्याच्यावर पूर्ण विश्वास टाकत.

पिल्लांना काम मिळत नाही आणि काम असणाऱ्यांना पिल्लं मिळत नाहीत, ही अडचण त्या जंगलात फार जुनी. म्हणून कासवासारखे सल्ला देणारे आणि हरिणीसारखे काम देणारे यांनी मिळून एक मंडळ काढलं. कल्पना चांगलीच होती, उगाच नावं कशाला ठेवा? दर उन्हाळ्यात जांभळं पिकली की सगळे मोठ्या जांभळीखाली जमत. सल्लागारानं पिल्लाचं नाव घ्यायचं, त्याचे गुण सांगायचे, काम देणाऱ्यानं मान डोलवायची आणि बाकीच्यांनी आनंदानं गलका करायचा. शेवटी यंदा किती पिल्लं कामाला लागली ते मोठ्यानं जाहीर होई, आणि मग जांभळं. नियम एकच होता : पिल्लांनी करवंदीच्या जाळीपलीकडे थांबायचं, मंडळात बोलायचं नाही.

त्या वर्षी थोरली हरिणी उठली. तिच्या कळपाला सावध करणारी वानरांची टोळी नदीपलीकडे निघून गेली होती, आणि हरिणीच्या पोटचं पाडस अजून धड पळायलाही शिकलं नव्हतं. ती म्हणाली, "आम्हांला एक चांगला पहारेकरी हवा आहे."

कासवाचे डोळे चमकले. "माझी टिटवी घ्या, हरिणीबाई! कान असा तिखट की पलीकडच्या माळावर साप सरपटला तरी तिला कळतं. आणि आवाज? अहो, पाण्याच्या तळाशी असलो तरी मला ऐकू येतो!"

"मग ठरलं," हरिणी म्हणाली आणि गलका झाला. कासवानं एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. टिटवी खरोखरच तशी होती. उघड्या माळावर ती उभी असली की तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

बातमी जाळीपलीकडे पोहोचली तेव्हा टिटवी हरखून गेली. पण ती स्वभावानं चौकस. संध्याकाळी तळ्यावर येऊन तिनं विचारलं, "आजोबा, पहारा कुठून द्यायचा आहे?"

"कुठून म्हणजे? कळपाजवळून."

"कळपाजवळ कुठे? तुम्ही हरिणीकाकूंना एकदा विचाराल का?"

कासव जरा रागावलंच. "अगं, आधी काम मिळालं हे बघ! सगळ्या मंडळासमोर ठरलंय. आता मी शंका काढत बसलो तर माझ्याबद्दल काय वाटेल त्यांना? गेलीस की कळेल."

टिटवी माघारी वळली. आजोबांना अधिक ती काय बोलणार?

ती गेली आणि तिला कळलं. हरिणीनं तिला एका उंच ऐनाच्या झाडाखाली नेलं आणि म्हणाली, "शेंड्यावर बस. वानरं तिथेच बसायची. काही दिसलं की ओरड." हरिणीच्या लेखी पहारा म्हणजे झाडाचा शेंडा, दुसरं काही तिनं कधी पाहिलंच नव्हतं. आणि मुलांनो, टिटवीचे पाय तुम्ही कधी नीट पाहिलेत का? ते जमिनीवर धावायचे पाय. फांदी धरून बसणं तिला जमत नाही.

तिनं प्रयत्न केला. चार वेळा वर गेली, चार वेळा घसरली. खरं सांगावं असं तिच्या मनात आलं, पण आजोबांनी भर मंडळात आपलं नाव घेतलंय, त्यांचा शब्द खाली पडेल, या विचारानं तिनं ओठावरचं बोलणं गिळलं. हरिणी चरायला वळली की ती झाडाखाली उतरून उभी राही. तिथलं गवत तिच्या डोक्याहून उंच होतं. त्यात वारा सुटला की सगळीकडे नुसती सळसळ, कान असून उपयोग नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याच सळसळीतून बिबट्या आला. टिटवीला दिसला तेव्हा तो दोन हातांवर होता. ती जिवाच्या आकांतानं ओरडली. कळप उधळला, हरिणी वाचली. पाडस मात्र वाचलं नाही.

हरिणी तळ्यावर आली. ती म्हणाली, "कासवबुवा, तिला झाडावर बसता येत नाही हे तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"झाडावर बसवायचंय हे तुम्ही मला सांगितलं नाहीत," कासव म्हणालं. म्हणालं खरं, पण म्हणतानाच त्याला टिटवीची ती संध्याकाळ आठवली आणि त्यानं मान कवचात ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी जन्मात पहिल्यांदा ते तळं सोडून लांबच्या वाटेला निघालं. नदीकाठच्या दगडगोट्यांपर्यंत पोहोचायला त्याला नऊ दिवस लागले. कळप सोडून गेलेली टिटवी तिथे एकटीच उभी होती. लांबवर पान हललं तरी ती ओरडत होती, कोणी पहाऱ्याला ठेवलेलं नसताना.

"पोरी, माझी चूक झाली," कासव म्हणालं. "चल, तुला माळावरचं काम मिळवून देतो."

टिटवीनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर कासवाला बरं वाटलं असतं.

"आजोबा, मी विचारलं होतं."

एवढंच बोलून ती पुन्हा लांबच्या गवताकडे बघू लागली, आणि कासव आलं तसं परत गेलं. पुढच्या उन्हाळ्यात मंडळ जमलं तेव्हा त्यानं पिल्लांना जाळीच्या आत बोलावून आधी त्यांनाच बोलायला लावलं. खूप पिल्लं आली, खूप बोलली. टिटवी आली नाही. जांभळं पुढे आली तेव्हा हरिणीनं आणि कासवानं एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघांनीही ती खाल्ली नाहीत.

तात्पर्य : ज्याचं आयुष्य आपण ठरवतो, त्याचा प्रश्न आपल्या भिडेपेक्षा मोठा मानावा, वेळेवर न विचारलेली गोष्ट नंतर कितीही लांब चालत गेलं तरी भरून येत नाही.