मानेवरचा भोवरा

मेंदू आपसांत बोलायचे, त्या काळची ही गोष्ट. भागूबाईच्या डोक्यात मोठा मेंदू नावं, चेहरे, आठवणी सांभाळायचा. मागे बसून लहान मेंदू हातापायांना वळण लावायचा. "तुला कुणाचं नावसुद्धा ठाऊक नाही," असं मोठा त्याला हिणवायचा.

म्हातारपणी मोठ्याच्याच आठवणी गळाल्या. लेक माहेरी आली, तर भागूबाई म्हणाली, "कोण गं तू?" मोठा तळमळला; नाव काही केल्या सापडेना.

लेकीनं तिच्या हाती फणी दिली आणि नेहमीसारखी पाठ करून बसली. भागूबाईचे हात आपसूक वेणी घालू लागले.

"कोण रे ही?" मोठ्यानं कळवळून विचारलं.

"नाव नाही ठाऊक, दादा. पण हिच्या मानेवर केसांचा भोवरा आहे. तिथं हात हलका ठेवायचा, नाहीतर रडते."

हात हलका पडला, तरी लेक रडतच होती.