पोवळीची पडवी

बसा मुलांनो, एका पडवीची गोष्ट ऐका. समुद्राकाठच्या इवल्याशा घरात राहणाऱ्या पोवळीने एकदा नवस बोलला होता, “दर्यादेवा, माझी आई दाराबाहेर येऊ दे. त्यासाठी आजपासून आमच्या दारावरून जाणारं माणूस मी पडवीत बसवल्यावाचून पाठवणार नाही.”

त्याचं असं झालं. वादळात होडी उलटली नि पोवळीचे बाबा गेले. सुकाणू गावातल्या यसूमावशीच्या मुलाच्या, पोशाच्या हाती होतं. तोही परतला नाही. त्या दिवसापासून पोवळीच्या आईने दाराला कडी घातली आणि ती अंधारात भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पोवळी भरवायची, तेवढेच दोन घास पोटात जायचे. डोळ्यांसमोर आई विझत चालली होती.

एका सकाळी पोवळी केवड्याच्या बनात रडत बसली. तोच पानांतून मोरपिशी उजेड सांडला. फेसाची झालर, पायांत मोत्यांची चिमुकली पैंजणं. सागरपरी!

“रडू नकोस, राणी. तीन गोष्टी माग. पण दर्याने काठावर टाकलंय त्यातूनच देईन, आणि मागणं दुसऱ्याच्या सुखाचं हवं.”

“माझे बाबा?”

परीचे डोळे भरून आले. “दर्याने पोटात घेतलेलं मला देता येत नाही, बाळा.”

पोवळीने डोळे पुसले. “मग आमची पडवी सुंदर कर. आईला बाहेर यावंसं वाटेल.”

दोघी घरी आल्या, आणि वाहून आलेल्या ओंडक्याचा पडवीत गुळगुळीत, रुपेरी बाक झाला. दुसऱ्या मागण्याला दारावर शिंपुल्यांचं तोरण झुललं. गुलाबी, जांभळं, लिंबोणी. वारा आला की किणकिण, किणकिण!

“आई, बघ ना गं!”

आतून आवाज आला, “त्या दर्याचं काही दाखवू नकोस मला.”

आता एकच मागणं उरलं. आईसाठी झोपाळा मागावा, असं पोवळीच्या मनात आलं. तेवढ्यात रिकामी पाटी घेऊन यसूमावशी समोरून चालली. “होडी बुडवणाऱ्याची आई” म्हणून गावात तिला कोणी दारात उभं करत नसे. पोवळीलाही तिचा राग आला. पण नवस तो नवस.

“मावशी, बसा.”

“नको गो बाय. तुझी आई माझं तोंड बघायची नाय.”

“बसा तर खरं. किती ऊन लागलंय तुम्हांला! परी, मावशीवर सावली कर ना.”

फाटकी निळी जाळी नि वाहून आलेल्या झावळ्या सरसर विणल्या गेल्या. बाकावर गार, हिरवी-निळी सावली पडली. त्या सावलीत यसूमावशी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हंबरडा फोडून रडली. “माझा पोशा गो! सगळ्यांना सुखरूप आणतो म्हणाला होता!”

कडी वाजली.

दारात आई उभी होती, काटकीसारखी. ती यसूमावशीकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

“सरक जरा,” आई म्हणाली, आणि तिच्याशेजारी बसून तीही रडली, पोटभर. मग डोळे पुसत म्हणाली, “पोवळे, भात टाक गं. आम्हां दोघींना.”

पोवळीने वळून पाहिलं. परी हसली आणि सोनेरी उजेडात विरघळून गेली.

तर माझ्या सोन्यांनो, ज्याला कोणी बसा म्हणत नाही, असं माणूस तुमच्या दारावरून गेलं, तर तुम्ही त्याला हाक मारा. माराल ना?