माहेरचा हिशोब

"मुलींची अकादमी उठतीय म्हणे, अध्यक्षांनी..." एवढं कानावर पडलं आणि पिठाची गिरणी सुरू झाली. पुढचं काही कळेना. शेजारच्या चौगुल्यांची समिधा तिथंच फुटबॉल शिकते, म्हणून दळण तसंच ठेवून मी मैदान गाठलं.

अकादमी चालवणाऱ्या महिला फुटबॉल क्लबाचे नवे अध्यक्ष रणधीरराव मुलींना सुनावत होते, "मुली आम्ही वाढवायच्या आणि मोठ्या झाल्या की दुसऱ्या क्लबानं न्यायच्या. परक्याचं धन ते. त्यापेक्षा मी तयार खेळाडू आणतो."

समिधा बुटाची नाडी बांधायची सोडून उठली.

"साहेब, तयार खेळाडूचे पैसे कुणाला देणार?"

"तिच्या क्लबाला. त्यांनी घडवलीय ना तिला."

"मग आम्हालाही घडवा की. लग्नात मुलगी नेणारे वरून हुंडाही मागतात. इथं नेणाराच माहेरला पैसे देतो. असलं माहेर कुणी मोडतं का?"

मुली खिदळल्या. रणधीररावांनी मिशीवरून हात फिरवला. म्हणाले, "पोरी, मग माहेर जरा ऐसपैस हवं."

अकादमी उठली, हे खरंच निघालं. पण ती गेली गावाबाहेरच्या मोठ्या मैदानावर, आणि आता मला सामने बघायला रिक्षा करावी लागते.