केरबाची गोळी

एका गावात एक भोळा सणगर होता. गावाचं नाव खडकेवाडी, सणगराचं नाव केरबा. घोंगड्या विणायचा. हात सोन्याचा, पण डोक्याचं काय सांगावं! ‘जरा दाराकडे लक्ष ठेव’ म्हटलं, की सांजेपर्यंत दाराकडे टक लावून बसायचा. मागनं म्हैस सुटून गेली तरी मान वळवायचा नाही. लोक हसले की तोही हसायचा. म्हणायचा, “देवानं सगळ्यांच्या डोक्यात मेंदू घातला. माझी पाळी आली तेव्हा मेंदू संपला होता. मग लोकर भरली.”

तर या केरबाला दम लागायला लागला. आधी चढावर लागायचा, मग सपाटीवर लागायला लागला, मग मागावर बसल्या बसल्या. पाय सुजले. बायको शेवंता त्याला जिल्ह्याच्या गावी वाळिंबे डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी छातीचे फोटो काढले, यंत्रावर हृदय बघितलं आणि म्हणाल्या, “केरबा, तुमच्या फुफ्फुसातला रक्तदाब वाढलाय.”

“फुफ्फुसात? आमच्या शेजारच्या तात्यांचा तर दंडात असतो.”

“तो वेगळा. तुमच्या फुफ्फुसातल्या रक्ताच्या नळ्या आवळल्यात. हृदयाला रक्त ढकलायला फार जोर लावावा लागतो. ही गोळी त्या नळ्या सैल करते. पुडक्यावर तुमचं नाव लिहिलंय, तीच घ्यायची. दिवसातून तीनदा, पाण्यातून घ्यायची. हयगय केलीत तर जिवावर बेतेल.”

जिवावर बेतेल म्हटल्यावर केरबानं हयगय केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळी मुठीत धरून तो ओढ्यावर गेला. कमरेएवढ्या पाण्यात उतरला. थंडीचे दिवस, दात कडकडा वाजायला लागले. तिथंच त्यानं गोळी घशाखाली घातली. बाहेर येताना असा दम लागला की काठावर आडवाच झाला. धुणं घेऊन आलेल्या शेवंतानं बघितलं.

“अहो, हे काय?”

“गोळी घेतली. पाण्यातून.”

शेवंतानं कपाळावर हात मारला. “पाण्यातून म्हणजे घोटभर पाणी पिऊन हो! घरात बसून! गोळी तोंडात टाकायची, चावायची नाही, फोडायची नाही, अख्खी गिळायची. एवढंच.”

“चुकलं बघ माझं,” केरबा म्हणाला. “ज्या मेंढराची लोकर माझ्या डोक्यात आहे ना, ते मेंढरूसुद्धा माझ्यापेक्षा शहाणं असेल. आता ध्यानात ठेवतो. चावायचं नाही, फोडायचं नाही, अख्खं गिळायचं.”

ध्यानात ठेवलं. आठवड्यानं शेजारच्या महिपततात्यांच्या घरी बारसं होतं. ताटात बुंदीचा लाडू आला. केरबानं लाडू उचलला आणि चावला नाही, फोडला नाही. पुढं काय झालं ते अख्ख्या पंगतीनं बघितलं. डोळे पांढरे झाले, हात हवेत गेले. तात्यांनी पाठीत असा गुद्दा घातला की लाडू सुटला तो थेट सरपंचांच्या आमटीत.

“अहो, ते गोळीपुरतं होतं!” शेवंता रडकुंडीला येऊन म्हणाली.

“लाडू गोलच होता,” केरबा खोकत म्हणाला. “मोठी गोळीच वाटली मला.”

गोळ्या मात्र तो वेळच्या वेळी घेत होता. दम थोडा कमी झाला होता. पण आता उठताना भोवळ यायची. पुढच्या खेपेला बाईंनी दाब तपासला आणि सांगितलं, “या गोळीनं अंगातला दाब थोडा उतरतो, म्हणून असं होतं. कधीही झटकन उठायचं नाही. आधी उठून बसायचं, जरा थांबायचं, दोन-चार श्वास घ्यायचे, मगच उभं राहायचं. आणि चक्कर आली, शुद्ध हरपली, तर लगेच मला कळवायचं.”

“झटकन उठायचं नाही,” केरबानं घोकलं. बसमध्येही घोकलं. कंडक्टरनं ‘खडकेवाडी’ म्हणून ओरडल्यावर तो बसून राहिला, थांबला, श्वास घेतले. बस पुढच्या गावाला गेली. तिथून तो आणि शेवंता टांग्यानं परत आली.

मग रानात तात्यांच्या मळणीला गावातली माणसं जमली. दुपारी सगळे आंब्याखाली लवंडले होते. कुणीतरी फांदीवर खडा मारला आणि आग्या मोहोळ उठलं. एकच गलका झाला. माणसं वाट फुटेल तिकडं पळाली. आंब्याखाली एकटा केरबा राहिला. तो उठून बसला. जरा थांबला. एक श्वास घेतला. दुसरा घेताना नाकावर माशी बसली.

संध्याकाळी त्याचं तोंड तव्याएवढं झालं होतं. शेवंता हळद लावत होती आणि बोलत होती, “अहो, श्वास कसले घेत बसलात? असल्या वेळी झटकन उठायचं असतं, झटकन! मी हाक मारत होते ना?”

“बरोबर आहे तुझं,” सुजल्या ओठांतून केरबा म्हणाला. “तू हाक मारलीस की झटकन उठायचं. लोकरीत खुपसून ठेवतो.”

सकाळी शेवंतानं चुलीपासून हाक मारली, “अहो, चहा झाला!”

केरबा अंथरुणातून झटकन उठला. डोळ्यापुढं अंधार आला आणि तो मागावर कोसळला. भुवई फुटली. शेवंतानं किंकाळी फोडली. हातातला चहा तसाच टाकून ती धावली. त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती हलवत होती, आणि तो डोळे उघडत नव्हता. मूर्ख असला तरी एवढा एकच नवरा होता तिला.

महिपततात्या धावत आले. तात्यांना छातीत दुखायचं, म्हणून त्यांच्या खिशात कायम जिभेखाली धरायची गोळी असे. केरबानं डोळे उघडले आणि छातीला हात लावला, तशी तात्यांनी ती बाहेर काढली.

“आ कर केरबा. हृदयाची गोळी आहे. लगेच आराम पडतो.”

शेवंता म्हणाली, “घ्या हो, घ्या.”

केरबानं तोंड घट्ट मिटलं. मिटल्या तोंडानंच म्हणाला, “पुडक्यावर काय लिहिलंय?”

“माझं नाव आहे की.”

“मग ती तुमची. माझ्या पुडक्यावर केरबा लिहिलंय. मी केरबा.”

तात्यांनी विनवलं, शेवंतानं हातापाया पडून विनवलं. केरबानं दात आवळले ते सोडले नाहीत. शेवटी जीप करून त्याला बाईंकडे नेलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. तात्यांची गोळी हातात घेऊन बघितली आणि त्या खुर्चीत मागे टेकल्या.

“ही गोळी आणि तुमची गोळी एकत्र पोटात गेली असती, तर दाब इतका खाली गेला असता की तुम्ही इथपर्यंत पोचला नसतात. केरबा, आज तुमच्या भोळेपणानं तुम्हाला वाचवलं.”

तात्यांचा चेहरा पडला. शेवंता पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडली. केरबानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. जन्मात पहिल्यांदा त्याच्या डोक्याचं कुणी कौतुक केलं होतं. तो म्हणाला, “बाई, आणखी काही सांगा. मी शब्दाला शब्द पाळतो.”

बाई म्हणाल्या, “एकच. बरं वाटायला लागलं की लोक आपल्या मनानं औषध सोडतात आणि आजार उलटतो. तसं करायचं नाही. मला विचारल्याशिवाय बंद करायचं नाही. हा माझा फोन. आधी फोन, मग बंद.”

“आधी फोन, मग बंद,” केरबा म्हणाला.

औषध लागू पडलं. केरबा पुन्हा मागावर बसू लागला. पायांची सूज उतरली. चैत्रात तात्यांच्या नातीचं लग्न निघालं. दारात मांडव पडला. आचाऱ्यानं भात उतरवला, जिलेब्यांच्या पराती भरल्या. तात्या म्हणाले, “केरबा, तुला दगदगीचं काम नको. तू विहिरीवर मोटरजवळ बस. बटणाच्या पेटीची किल्ली ही घे. माळवदावरची टाकी भरली की बंद कर.”

केरबा बसला. टाकी भरली. वाहू लागली. केरबानं बटणाकडे हात नेला आणि तिथंच थांबला. मग खिशातून फोन काढला.

दवाखान्यात त्या दिवशी गर्दी होती. बाईंनी फोन खांद्याशी धरला. “बोला केरबा.”

“बाई, बरंच झालंय आता. आणखी गरज दिसत नाही. बंद करू का?”

बाई ओरडल्याच, “अजिबात नाही! इतकं सांगूनसुद्धा? कितीही झालंसं वाटलं तरी चालूच ठेवायची. जन्मभर! आणि घरचे, शेजारचे, कुणीही बंद कर म्हणाले, तरी ऐकायचं नाही!”

“कुणाचंच?”

“कुणाचंच!”

केरबानं पेटीला कुलूप लावलं. मग विचार केला, की आपण पडलो भोळे, कुणीतरी गोड बोलून किल्ली काढून घेईल. म्हणून त्यानं किल्ली विहिरीत टाकली.

माळवदावरनं पाणी मांडवात कोसळलं. जिलेब्या परातीतून तरंगत निघाल्या. भटजी पाटावर चढले. नवरदेव घोड्यावरून उतरेना. तात्या गुडघाभर चिखलातून बोंब मारत आले, “केरब्या, मोटर बंद कर!”

केरबा पेटीला पाठ लावून उभा होता. “तात्या, तुम्ही वडीलधारे. पण बाईंना विचारलंय मी.”

“काय विचारलंस?”

“बंद करू का म्हणून. त्या म्हणाल्या, जन्मभर चालू ठेवा.” मग त्यानं वाहून चाललेल्या मांडवाकडे बघितलं आणि तात्यांच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला. “आता पोरीचं लग्न तेवढं होडीत उरकून घ्या.”