वरून घातलेले पाणी

डोंगरावरच्या एका थंड गावी एकदा एक उपवर शिष्य भारी चिंतेत पडला. त्या गावची रीत अशी की, वराने जवाची सुरा, म्हणजे हल्ली आपण जिला बिअर म्हणतो ती, स्वहस्ते सिद्ध करून वधूपित्यापुढे ठेवावयाची. कडवटपणाने वधूपित्याचे तोंड वाकडे झाले, तर सोयरीक पक्की; तोंड सरळ राहिले, तर वराला नारळ.

शिष्याने वृद्ध गुरूकडून सारी प्रमाणे शिकून घेतली होती. तरीही त्याची पहिली सुरा चाखून गुरुपत्नी म्हणाल्या, "सरबत छान झालंय हो!"

शिष्य गोरामोरा झाला. "आजी, हॉपची कडू फुलं अगदी सांगितली तेवढीच घातली होती. उकळीही तेवढाच वेळ दिली. आता दुप्पट फुलं घालतो, म्हणजे झालं!"

गुरूने त्याच्या हातची फुलांची परडी घेतली आणि त्यातली मूठभर फुले उलट काढूनच ठेवली. मग अंगणातल्या मोठ्या हंड्यात झोपलेले मांजर उठवून त्याने हंडा चुलीवर चढविला.

"आजोबा, फुलं कमी करता? माझं लग्न मोडायचंय का तुम्हाला?"

"मागच्या खेपेला लहान पातेल्यात उकळलंस ना?"

"हो. हंड्याला लाकडं फार लागतात. म्हणून निम्म्या पाण्यात उकळलं आणि उरलेलं पाणी नंतर वरून घातलं. शेवटी पाणी तेवढंच झालं की!"

गुरू हसला. "मापाला झालं, जिभेला नाही. निम्म्या पाण्यात जवाचा गोडवा दाट होऊन बसतो. फुलांचा कडूपणा त्यात पुरता उतरत नाही. जो उतरला, तोही तू वरच्या पाण्यानं पातळ केलास. उकळताना असलेलं पाणी कडूपणाला जागा करून देतं. नंतर घातलेलं पाणी नुसतं भांडं भरतं."

नवी सुरा आंबून तयार झाली. वधूपित्याने घोट घेतला, आणि त्याचे तोंड असे काही वाकडे झाले की माजघरातून बायकांचे हसू ऐकू आले.

"पहिल्याच खेपेला जमली का हो?" त्याने डोळे पुसत विचारले.

"नाही. पहिली पाणचट झाली. लाकडं फोडायचा आळस केला मी."

"आळशी जावई आमच्या मुलीला खपायचा नाही. आताच सांगून ठेवतो."

शिष्याच्या ओठांवर "पण हंडाच एवढा मोठा..." हे शब्द आले होते. त्याने ते गिळले आणि नम्रपणे मान डोलावली. गुरूने मोठ्या समाधानाने स्वतःसाठीही एक पेला भरला.

कडू बोल ऐकताना मन ऐसपैस असावे. मागाहून ओतलेली सबब त्या बोलांना केवळ पातळ करते.