गरम इंजिनाचा चोक

"आत्ता का नाही, चाचा?"

दस्तगीरचाचांनी माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून स्वतःच्या खिशात घातला.

गाडी माझ्या दादाची. जुनी, परदेशी. भंगारातून आणून त्यानं याच गॅरेजात, चाचांच्या हाताखाली उभी केलेली. दादा जाऊन महिनाही झाला नव्हता. वहिनी दुसऱ्या दिवशी सकाळी आजऱ्याला माहेरी निघणार होती. "दादाच्याच गाडीतून सोडतो," असं मी तिला सांगून बसलो होतो.

घरात मी तिच्यासमोर थांबतच नव्हतो. ती समोर आली की काहीतरी काम काढून बाहेर पडायचो.

गाडी चालू व्हायची, पण चौकात गेली की काळा धूर ओकून बंद पडायची. हिचा चोक आपोआप चालतो. इंजिन थंड असलं की एका डबीतली स्प्रिंग कार्बोरेटरचा हवेचा पडदा मिटते, म्हणजे पेट्रोल जास्त जातं. इंजिन तापेल तसा पडदा उघडतो. आमचा उघडत नव्हता.

"सगळं साफ केलंय," मी म्हणालो. "नुसती स्प्रिंगची डबी फिरवून बसवायची आहे."

"ती थंड इंजिनावर बसवतात. गरम असताना स्प्रिंग सैल पडलेली असते, तेव्हा बसवलीस तर फसशील."

"किती वेळ थांबू?"

"थंड होईस्तोवर."

"पण किती?"

"तुझा दादा पण असाच. डबीला फुंकर घालत बसायचा, येडा..."

मला ते ऐकवेना. नळाखाली पोतं भिजवलं आणि आणून इंजिनावर टाकलं. चर्र झालं, वाफ उठली.

चाचांनी पोतं ओढून फेकलं. मला वाटलं, आता कानाखाली बसते.

"तडा जाईल, लेका."

"जाऊ दे! ज्याची गाडी, तोच कुठं आहे?"

चाचांनी माझा हात धरून इंजिनाच्या कडेला टेकवला.

"काय लागतं?"

"गरम."

"बंद कधी केलीस?"

"मघाशीच."

"मग गरम का?"

"चालत होती म्हणून..."

दादा गेल्यापासून रडलो नव्हतो. तिथंच, बोनेटखाली डोकं घालून रडलो. चाचांनी हात सोडला नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि माझ्यापुढं धरला. इंजिन गार झालं होतं. मी डबी फिरवली, स्क्रू आवळले.

"दाब एकदा अ‍ॅक्सिलरेटर," चाचा म्हणाले.

दाबला. पडदा अलगद मिटला. गाडी चालू केली. थोडी गुरगुरली, मग इंजिन तापत गेलं तसा पडदा हळूहळू उघडत गेला. चौकापर्यंत जाऊन आलो. बंद पडली नाही.

तरी मी पुन्हा बोनेट उघडलं.

"चाचा, आजऱ्याचा रस्ता लांबचा आहे. मधेच कुठं बंद पडली तर?"

चाचा हात पुसत होते.

"तर बोनेट उघडू नको. वहिनीच्या शेजारी बसून राहा."