पाठराखणीचा बोगदा

कुसरवाडीच्या खालच्या अंगाला जुन्या रेल्वेलाईनीचा एक बोगदा आहे. रूळ कधीच उचलून नेले, उरली ती नुसती खडी आणि चढाची वाट. हल्ली शहरातली पोरं मोटारसायकली घेऊन रातोरात या वाटेनं घाट चढतात. रात्रभर गाड्या उडवत येणारी ही पोरं बोगद्याच्या तोंडाशी आली की मुकाट खाली उतरतात. आत कुणी गाडीवर बसत नाही. पुढच्याची गाडी मागचा ढकलतो. पाहुणे विचारतात, हे काय खूळ? तर त्याची गोष्ट अशी सांगतात.

लाईन चालू होती तेव्हा घाट चढायला गाडीला दोन इंजिनं लागत. एक पुढं ओढायला, एक मागून ढकलायला. मागच्याला लोक ‘ढकल्या’च म्हणायचे. ढकल्याच्या डायवरला पुढचं काही दिसत नसे. पुढून शिट्टी आली की त्यानं शिट्टीनं जबाब द्यायचा आणि जोर लावायचा. मागून जबाब आल्याशिवाय पुढच्यानं चाक हलवायचं नाही, असा कायदाच होता.

पुढच्या इंजिनावर होता कुसरवाडीचा गेनबा, आणि ढकल्यावर त्याचा सख्खा मेव्हणा सखाहरी. जोडी नामी होती म्हणे. पण लाईन बंद व्हायच्या दिवशी घोटाळा झाला. शेवटची गाडी वर आली, सारा गाव लोटला. नारळ फुटले, हार पडले, फोटो निघाला, सगळं पुढच्या इंजिनापाशी. गेनबा हारांत नाकापर्यंत बुडाला. मागं मेव्हणा उभा आहे, हे काही त्याच्या तोंडून निघालं नाही. सखाहरी ढकल्यावरून उतरला. त्यानं घाटजाईची शपथ घेतली, “या लाईनीला पुन्हा पाय लागला, तर उभ्या जन्मात पायात वहाण घालणार नाही.” आणि घाटाखाली बेलठाणला जाऊन राहिला तो राहिलाच.

पुढं काही वर्षांनी गेनबाच्या मुलीचं, हौसाचं लग्न निघालं. मुहूर्त सकाळचा. नवरीच्या पाठीशी मामा उभा राहायचा, ही आपल्याकडची रीत. पण मामाचा पत्ता नाही. आदल्या दिवशी हौसाच्या आईनं, कोंडाबाईनं, चूल विझवली आणि दारात बसली. शेजारणींनी भिंतीला कान लावून ऐकलं, ती नवऱ्याला म्हणाली, “भाऊ न्हाई, तर अंतरपाट न्हाई. हार गळ्यात घेताना गोड लागले नव्हं? आता त्याला आणायचंबी तुम्हीच.”

सडकेवर दरड कोसळलेली. वाट राहिली ती लाईनीचीच. गेनबानं बैलगाडी जुंपली आणि दिवस बुडायला बेलठाण गाठलं.

“बहिणीनं बोलावलंय,” एवढंच तो दारात उभा राहून म्हणाला.

“बहिणीनं बोलावलंय म्हणून येतो,” सखाहरी म्हणाला. “तुम्ही बोलावलं असतं, तर कडी घातली असती. आणि दाजी, माझा पाय लाईनीला लागणार नाही.”

“गाडीत बस. पाय पोटाशी घे.”

रात्रभर गाडी खडीवरून खडखडत चढली. एक गाडीच्या साटीत बसलेला, एक बैलांपुढं चालणारा. बोगद्याच्या तोंडाशी भराव खचून दरी उघडी पडली होती. तिथून एका कडेनं गेनबानं गाडी कशीबशी आत घातली.

बोगद्यात मधोमध शेवाळ होतं. बैलांचे पाय घसरले, ते गुडघ्यांवर आले, आणि गाडी मागं सरू लागली. मागं उतार, उतारापलीकडं दरी. गेनबानं दोन्ही वेसणी धरल्या. सोडाव्यात तर बैल, गाडी, मेव्हणा सगळंच खाली जाणार. मागून कुणी खांदा दिला तरच निभाव. पण ‘उतर’ म्हणायला गेनबाची जीभ रेटेना. शपथ कुणामुळं घेतली, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून म्हणे त्यानं तोंडानंच जुनी शिट्टी घातली. एक लांब, दोन तोकड्या.

आणि मागून जबाब आला.

गाडीतून नव्हे. गाडीच्या मागून, रिकाम्या अंधारातून. माझे ओठ मिटलेले होते, असं सखाहरी मरेपर्यंत सांगायचा. कुणी म्हणतं घाटजाई बोलली, कुणी म्हणतं ढकल्याच. बोगद्याचाच आवाज फिरून आला असेल, असंही शाळेतले मास्तर म्हणतात. काय खरं, काय खोटं! पण ती शिट्टी ऐकली आणि गेनबाचा बांध फुटला.

“सखाहरी, तुझ्याबिगर माझी एकबी गाडी हा घाट चढली न्हाई रं! त्या दिवशी बोलायचं ते आज बोलतुया!”

मग खडीवर धप्पकन आवाज झाला आणि चाकामागं खांदा लागला.

“दाजी, हेच आधी बोलायला काय तोंडात गुळणी धरली हुती? हाणा बैल!”

गाडी वर निघाली. उजाडता उजाडता दोघं मांडवात शिरले. सखाहरीनं शपथेप्रमाणं वहाणा बोगद्यातच सोडल्या होत्या. भाचीच्या पाठीशी तो उभा राहिला, आणि व्याह्यानं गेनबाच्या गळ्यात घातलेला मानाचा हार गेनबानं तिथल्या तिथं मेव्हण्याच्या गळ्यात घातला. कोंडाबाई एकाच वेळी हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती म्हणे.

त्यानंतर गावच्या गाड्या त्याच वाटेनं येऊ-जाऊ लागल्या. वाट गेनबाच्या पायाखालची, त्यामुळं पुढं तोच असे. पण आपली गाडी वर निघाली की तो बैल सोडायचा आणि बोगद्यात माघारी जायचा. सगळ्यांच्या मागं खांदा देणारा कुणीतरी असतो, शेवटच्याच्या मागं कुणी नसतं, हे त्याला तेवढं कळलं होतं.

आजही या वाटेनं कितीही दमून आलेली टोळी असो, पहिला वर पोचलेला गडी गाडी झाडाला टेकवतो आणि पाण्याचा घोटसुद्धा न घेता बोगद्यात पुन्हा उतरतो. आत शेवटचा गाडी धरून उभा असतो, त्याची वाट बघत.